कामाचे सहा गठ्ठे : टेबलावरचा वेळ आणि अग्रक्रम ताब्यात घेण्याची आपली पद्धत

वेळेच्या नियोजनावरचे बहुतेक सल्ले असं गृहीत धरतात की आपलं काम आपण ठरवतो. सकाळी यादी करा, महत्त्वाचं आधी घ्या, मोबाईल लांब ठेवा. कार्यालयातल्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं काम मात्र बाहेरून येतं. ते टपालातून येतं, साहेबांच्या केबिनमधून येतं, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या अर्जातून येतं, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपच्या पाच गटांतूनही येतं. सकाळी केलेली यादी साडेअकरापर्यंत शिळी होते.

अशा टेबलासाठी महाराष्ट्राच्या प्रशासनात एक पद्धत फार पूर्वीपासून आहे : सहा गठ्ठे पद्धत. शासकीय कर्मचाऱ्याला ती पायाभूत प्रशिक्षणात शिकवली जाते आणि तपासणीच्या आधी आठवडाभर सगळ्यांना आठवते. एरवी ती कपाटावर चिकटवलेल्या सहा चिठ्ठ्यांपुरती उरते. हे फार मोठं नुकसान आहे, कारण रोज कागद येणाऱ्या टेबलासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. काम किती महत्त्वाचं, हा प्रश्न ती सुरुवातीला विचारतच नाही. ते कोणत्या अवस्थेत आहे, एवढंच विचारते. महत्त्व ठरवताना माणूस अडखळतो, पण अवस्था कागद हातात घेतला की दिसते.

ही पद्धत प्रत्यक्ष कशी लावायची, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं आस्थापनेच्या टेबलाची घेतली आहेत, कारण तिथे वेतन, रजा, निवृत्तिवेतन, माहिती अधिकार आणि न्यायालयीन प्रकरणं असं सगळं एकाच माणसाकडे येतं. खासगी कंपनीत, शाळेच्या कार्यालयात किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्यांना नावं बदलून हेच वापरता येईल.

पायरी १ : सगळं एका जागी आणा

टेबलावरचे कागद, ड्रॉवरमधले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले, खिडकीच्या कट्ट्यावरचे, सगळे बाहेर काढा. ई-ऑफिसमधल्या फायली, न उघडलेले ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रं यांची प्रत्येकी एक ओळीची चिठ्ठी करा. तोंडी सांगितलेल्या कामांचीही चिठ्ठी करा. "ते जरा बघून ठेवा" असं साहेब जाता जाता म्हणाले असतील, तर तेही काम आहे, आणि विसरलं जाण्याची भीती त्यालाच सर्वांत जास्त.

याला अर्धा ते एक दिवस जातो. तो चोरून काढू नका, मागून घ्या. "साहेब, शुक्रवारी दुपारनंतर तातडीचं टपाल सोडून मला काही देऊ नका. सोमवारी माझ्याकडच्या सगळ्या कामाचा गोषवारा तुमच्या टेबलावर ठेवतो." असं बोलणं नाकारणारा अधिकारी क्वचितच भेटेल. आपल्या शाखेत नेमकं काय पडलं आहे हे त्यांनाही जाणून घ्यायचं असतं.

पायरी २ : प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारा

प्रश्न असा : यावर पुढची कृती कोणी करायची आहे? उत्तर मिळेल तसा कागद गठ्ठ्यात जातो. गठ्ठ्यांच्या नावांत आणि क्रमात कार्यालयागणिक थोडा फरक असतो, पण गाभा हाच :

१. प्रलंबित : कृती माझीच आहे.
२. प्रतीक्षाधीन : माझं करून झालं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे.
३. नियतकालिके : ठरावीक तारखेला पुन्हा पुन्हा पाठवायची विवरणपत्रं आणि अहवाल.
४. स्थायी आदेश : शासन निर्णय, परिपत्रकं, नियम, म्हणजे वारंवार पाहावे लागणारे कागद.
५. अभिलेख कक्षात पाठवायची, काम संपलेली प्रकरणं.
६. मुदत संपलेले, नष्ट करायचे कागद.

शेवटच्या दोन गठ्ठ्यांवर फार वेळ घालवू नका. निकाली प्रकरणाला वर्ग द्यायचा ('अ' म्हणजे कायम जतन, 'ब' म्हणजे ३० वर्षं, आणि असं उतरत 'ड' म्हणजे १ वर्ष), यादी करायची आणि अभिलेखपालाकडे सोपवायचं. 'ड' वर्गाचे कागद नष्ट करताना वरिष्ठांची मान्यता आणि यादी एवढं पक्कं ठेवा. पण हे टाळूही नका. टेबलावरच्या ढिगाचा मोठा भाग याच दोन गठ्ठ्यांचा असतो आणि ते हलले की उरलेलं काम डोळ्यांना दिसू लागतं. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन सुधारणांचा जो प्रयोग केला आणि जो पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखला गेला, त्यातही जुन्या अभिलेखांची छाननी आणि मांडणी हा मोठा भाग होता. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी राबवलेल्या 'झिरो पेंडन्सी' मोहिमेतही प्रलंबित फायली निकाली काढण्याबरोबर अभिलेखांचं वर्गीकरण होतंच.

चौथ्या गठ्ठ्याबद्दल एकच सूचना. विषयवार फाईल करा आणि पहिल्या पानावर हाताने अनुक्रमणिका लिहा. एखादा शासन निर्णय दर वेळी संकेतस्थळावर नव्याने शोधण्यात जाणारी वीस मिनिटं कोणाच्याच हिशेबात येत नाहीत, पण ती रोज जातात.

पायरी ३ : पहिल्या गठ्ठ्यात तारखेने क्रम लावा

इथे अग्रक्रमाचा प्रश्न येतो, आणि तो मनावर सोडायची गरज नाही. शासकीय कामाला कायद्यानेच मुदती दिल्या आहेत. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवू नये. तात्काळ फाईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस, जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्ज आपल्या कार्यालयाचा नसेल तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी हस्तांतरित करावा लागतो. ही शेवटची मुदत सर्वाधिक चुकते, कारण अर्ज वाचायलाच आठवडा लागतो.

म्हणून पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने शेवटची तारीख लिहा. आवक तारीख तिथे असतेच, पण ती काम कधी आलं ते सांगते. आपल्याला हवं आहे ते कधी संपवायचं.

तारखा लिहून झाल्यावरही एकाच दिवसाची पाच कामं उरतील. त्यात मी हा क्रम मानतो : आधी न्यायालयाचं किंवा न्यायाधिकरणाचं काम, कारण तिथली तारीख आपल्या हातात नसते. मग ज्यात कोणाचं वेतन, निवृत्तिवेतन किंवा अनुकंपा नियुक्ती अडकली आहे ते. मग ज्याच्यावर इतर टेबलांचं काम थांबलं आहे ते. बाकीचं त्यानंतर.

दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच गांभीर्याने घ्या. निवृत्तिवेतनाचं प्रकरण टेबलावर आलं तेव्हा तातडीचं वाटत नाही, निवृत्तीला दोन वर्षं असतात. प्रस्ताव महालेखापाल कार्यालयाकडे निवृत्तीच्या सहा महिने आधी जायला हवा, पण त्याच्याआधी सेवापुस्तक (नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक) वेतन पडताळणी पथकाकडून तपासून यावं लागतं, आणि पथकाने आक्षेप काढले की ते दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागतं. हे सगळं शेवटच्या चार महिन्यांत कोंबलं की तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस आपल्याच जुन्या कार्यालयात चपला झिजवतो. कोणी फोन करून या कामाची आठवण देत नाही. म्हणूनच त्याला तारीख आपण द्यायची.

असं मोठं प्रकरण यादीत एका ओळीत लिहू नका. "अमुक यांचं पेन्शन प्रकरण" ही ओळ आठवडेच्या आठवडे तशीच पुढे जाते, कारण तिच्यात आज नेमकं काय करायचं ते नाही. "सेवापुस्तकातल्या १९९८ ते २००१ च्या रजानोंदी तपासणे", "२००६ च्या वेतननिश्चितीचा आदेश शोधून लावणे", असं लिहा. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढा तुकडा हवा.

पायरी ४ : प्रतीक्षाधीन गठ्ठा जिवंत ठेवा

मला विचाराल तर सहांपैकी सर्वांत मोलाचा गठ्ठा हा दुसरा. कामं बहुतेक वेळा इथेच मरतात. पत्र पाठवलं, जावक क्रमांक पडला, आपल्या दृष्टीने विषय संपला. तीन महिन्यांनी वरून विचारणा येते तेव्हा "आम्ही पत्र दिलं आहे, उत्तर आलं नाही" असं आपण सांगतो. हे उत्तर खरं असतं आणि निरुपयोगीही असतं.

प्रत्येक प्रतीक्षाधीन प्रकरणावर तीन गोष्टी लिहा : कोणाकडून उत्तर हवं (कार्यालयाचं नाव पुरेसं नाही, कोणतं टेबल ते हवं), नेमकं काय हवं, आणि पुन्हा कधी विचारायचं. ही तिसरी तारीख स्मरण नोंदवहीत किंवा मोबाईलच्या कॅलेंडरवर टाका. प्रकरण त्या तारखेपर्यंत डोक्यातून काढायला मोकळीक आहे, आणि खरी विश्रांती मिळते ती इथेच. दिवसभर मनात घोळणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा दुसऱ्याकडे अडलेल्या असतात, आणि त्यांचं आज आपल्याला काहीच करता येणार नसतं.

स्मरण देण्याचीही रीत आहे. पहिलं पत्र गेल्यावर आठ-दहा दिवसांनी फोन करा आणि तो तक्रारीच्या सुरात नको. "मॅडम, आमचं अमुक तारखेचं पत्र तुमच्याकडे पोहोचलंय का? त्यात आमच्याकडून काही कमी आहे का?" एवढं विचारा. निम्म्या वेळा कळतं की पत्र दुसऱ्याच टेबलावर गेलं आहे किंवा एक सहपत्र राहिलं आहे. लेखी स्मरणपत्राने ही माहिती मिळायला महिना लागला असता. फोननंतर लेखी स्मरणपत्र पाठवा आणि त्यात मूळ पत्राची प्रत जोडा, म्हणजे "मूळ पत्र आढळून येत नाही" हे उत्तर यायची वाट बंद होते. दोन स्मरणपत्रांनंतरही हालचाल नसेल तर आपल्या अधिकाऱ्यांच्या सहीने अर्धशासकीय पत्राचा, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला नावाने लिहिलेल्या पत्राचा, मसुदा ठेवा. तिसरं, चौथं, पाचवं स्मरणपत्र त्याच मजकुराने पाठवत राहण्याला काही अर्थ नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. उत्तर आलं की कागद त्याच दिवशी पहिल्या गठ्ठ्यात हलवा आणि नवी तारीख लिहा. उत्तर येऊनही प्रतीक्षाधीनमध्ये पडलेलं प्रकरण कोणाच्याच नजरेला येत नाही.

पायरी ५ : नियतकालिकांचं वर्षाचं कॅलेंडर

ही कामं दर वर्षी, दर तिमाहीला, दर महिन्याला त्याच तारखेला येतात आणि तरीही दर वेळी धावपळ होते. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा. आस्थापनेचं टेबल असेल तर वेतन देयक कोषागारात जाण्याची मासिक तारीख, १ जानेवारीची ज्येष्ठता यादी, जानेवारी आणि जुलैच्या वेतनवाढी, ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे गोपनीय अहवाल, आयकर कपातीची तिमाही विवरणपत्रं (३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे), महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन (नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस), असं सगळं त्यावर येईल.

आता प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी दुसरी खूण करा. आपलं काम त्या आधीच्या तारखेला सुरू होतं. ज्या विवरणपत्राला खालच्या कार्यालयांकडून माहिती लागते, त्याला पंधरा दिवस आधीची खूण हवी. माहिती मागवताना कोरा नमुना पाठवण्यापेक्षा मागच्या वेळचे आकडे भरून पाठवा आणि फक्त बदल मागा. खालच्या टेबलावरच्या माणसाचाही वेळ वाचतो, आणि तोही आपल्यासारखाच कामात असतो.

पायरी ६ : दिवसाला आकार द्या

राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ झाली. या वेळेतला सर्वांत शांत तास पहिला असतो. अभ्यागत अजून आलेले नसतात, बैठका सुरू व्हायच्या असतात. हा तास चहा आणि टपाल फोडण्यात घालवू नका. टिप्पणी लिहिणं, सेवापुस्तक तपासणं, शपथपत्राचा मसुदा करणं अशी डोकं लागणारी कामं इथे ठेवा. आदल्या दिवशी निघताना पहिल्या गठ्ठ्यातलं एक प्रकरण काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं तर सकाळी काय घ्यायचं हा विचारच करावा लागत नाही.

टपाल दिवसातून दोनदाच पाहा, अकराच्या सुमारास आणि जेवणानंतर. पाहताना प्रत्येक कागदाचा गठ्ठा तिथल्या तिथे ठरवा. वाचून परत ट्रेमध्ये ठेवलेला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. दोन ओळींचं उत्तर पुरणार असेल तर लगेच लिहून सहीला ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपलाही हीच वेळ द्या. तातडीचं असेल तर साहेब फोन करतात, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही.

अभ्यागतांसाठी दुपारची ठरावीक वेळ दारावर लावता येते. पण लांबच्या गावाहून एसटीने आलेला माणूस अकराला समोर उभा राहिला तर वेळेचा फलक दाखवू नका. त्याचं काम कोणत्या गठ्ठ्यात आहे हे आपल्याला माहीत असेल तर दोन मिनिटांत खरं उत्तर देता येतं : "काका, तुमचं प्रकरण पडताळणी पथकाकडे गेलंय, वीस तारखेला मी विचारणार आहे. तुम्ही बावीसला फोन करा, हेलपाटा मारू नका." त्याचा दिवस वाचला, आणि त्याच्या पुढच्या तीन चकरांत जाणारा आपला वेळही वाचला.

पायरी ७ : "ताबडतोब" आलं की

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असेल तर तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नाची माहिती दोन तासांत द्यावी लागते आणि तिथे वाद नाही. पण रोजच्या "ताबडतोब"पैकी पुष्कळ कामांना खरी मुदत विचारली की संध्याकाळ किंवा उद्याची सकाळ चालते. म्हणून नम्रपणे विचारा. नकार देण्याची गरज नाही, टेबलावर काय आहे ते समोर ठेवायचं :

"साहेब, हे लगेच घेतो. आत्ता हातात मॅटमधल्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातल्या) प्रकरणाचं शपथपत्र आहे, उद्या सरकारी वकिलांकडे द्यायचंय. हे आधी करू की तीनपर्यंत ते संपवून हे देऊ?"

निर्णय साहेबांनी घेतला, आणि माहिती असताना घेतला. दोन अधिकारी वेगवेगळं सांगत असतील तर दोघांनाही दुसऱ्याचं काम सांगा. मनात कुढत दोन्ही अर्धवट करण्यापेक्षा हे सगळ्यांच्या भल्याचं आहे. फोनवर आलेल्या आदेशाची चिठ्ठी मात्र लगेच करा, तारीख आणि वेळ घालून.

पायरी ८ : आठवड्याचा गोषवारा खरा लिहा

कार्यविवरण नोंदवही, म्हणजे वर्कशीट, अनेक ठिकाणी सहीपुरती भरली जाते. ती स्वतःसाठी भरा. हिशेब साधा आहे. समजा मागची शिल्लक ४२, आठवड्यात नवीन आली ३१, एकूण ७३. त्यातली निकाली निघाली ३५, प्रतीक्षाधीनमध्ये गेली १४, शिल्लक २४. मग या २४ चं वय लिहा : आठवड्याच्या आतली किती, आठवड्यावरची, महिन्यावरची, तीन महिन्यांवरची.

एकूण शिल्लकीपेक्षा वयाचा रकाना जास्त बोलका असतो. शिल्लक कमी होत चालली आहे पण महिन्यावरची तीच सहा प्रकरणं दर आठवड्याला तशीच दिसत आहेत, म्हणजे सोपं सोपं आपण उपसतो आहोत आणि अवघड बाजूला सारतो आहोत. अशा वेळी पुढच्या आठवड्याच्या पाचही सकाळी त्या सहांना द्या. त्यातलं एखादं अडलं असेल ते नियम समजत नाही म्हणून. मग ते घेऊन शाखेतल्या अनुभवी वरिष्ठांकडे किंवा आधी त्या टेबलावर असलेल्या सहकाऱ्याकडे जा. सगळा गोषवारा सोमवारी अधिकाऱ्यांसमोर ठेवा. आवक सतत निकालीपेक्षा जास्त असेल तर जास्तीचं मनुष्यबळ मागायला हाच एक पुरावा उपयोगी पडतो. तोंडी "काम फार आहे" असं प्रत्येक टेबल म्हणतं.

खासगी कार्यालयात आणि संगणकावर

ईमेलमध्ये "माझ्याकडे", "वाट पाहतोय", "ठरावीक तारखेचं" आणि "संदर्भ" असे चार फोल्डर पुरतात, संपलेलं संग्रहात टाकायचं. इनबॉक्स म्हणजे फक्त आवक ट्रे, तिथे काही राहू द्यायचं नाही. पाठवलेल्या ज्या ईमेलला उत्तर हवं आहे त्याची प्रत "वाट पाहतोय"मध्ये टाकायला विसरू नका. ई-ऑफिस वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कागदाचा ढीग निदान दिसतो, पडद्यावरचा दिसत नाही. तिथे गोषवारा जास्त नियमाने काढावा लागतो.

पदभार देताना

सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. आदेश आला की बहुतेक टेबलांवर दोन दिवस यादी करण्यात जातात आणि तरी नव्या माणसाच्या हाती चाव्या आणि ढीगच पडतो. गठ्ठे चालू असतील तर पदभार यादी तयारच असते. तिला आणखी एका पानाची जोड द्या : प्रतीक्षाधीन प्रकरणांत प्रत्यक्ष कोणाशी बोलणं झालं, ते काय म्हणाले, पुढचा फोन कधी करायचा. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची नावं आणि त्यांची सेवापुस्तकं कुठवर आली आहेत, हे त्याच पानावर वेगळं लिहा. नव्या सहकाऱ्यासोबत बसून ते पान एकदा वाचा, आणि मगच सही करा.